खोटे स्पर्श

माझं काम काय आहे हे लोकांना सांगायचं मी सोडून दिलंय. सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हणजे मोबाईलची स्क्रीन बदलून देता का?" नाही हो, नाही देत! लातूरला एमआयडीसीत एक छोटं वर्कशॉप आहे, तिथं डाळ मिलच्या मशिनींना लागणारे टच पॅनल बनतात. बोट जिथं लागतं त्याच्या मागे तांब्याच्या पातळ पट्ट्या असतात, त्यांना इलेक्ट्रोड म्हणतात. त्या पट्ट्या किती मोठ्या असाव्यात, एकमेकींपासून किती लांब असाव्यात आणि किती फरक पडला म्हणजे 'बोट लागलं' असं मशिनीनं धरावं, हे मी ठरवते. नातेवाइकांत हे फक्त अम्मीला कळलं होतं. "हौ, हात पहचानने का काम," ती म्हणाली होती. "मेराच काम है ये तो."

अम्मी नांदेडला बांगड्या भरायची. दुकानात, लग्नघरी, नवरात्रात माहूरला गडाखाली. समोरच्या बाईचा हात हातात घेतला की न बघता माप सांगायची. आणि तोंड अखंड चालू. गिऱ्हाइकाशी मराठी, घरात आमची दख्खनी, देगलूरकडची कोणी आली तर चार शब्द तेलुगू. बांगडी चढवताना हाताच्या सांध्यात कळ येते, ती जाणवू नये म्हणून बोलत राहावं लागतं, असं तिचं म्हणणं. पण खरं सांगू का, बांगडी नसती तरी ती बोललीच असती. अब्बा होते तोवर म्हणायचे, हिला झोपेतसुद्धा गिऱ्हाईक दिसतं.

अशा बाईची वाचा गेली. लकवा आला, उजवी बाजू गेली आणि जीभही गेली. डॉक्टर म्हणाले, समजतं सगळं, फक्त शब्द बाहेर येणार नाहीत. ती तोंड उघडायची, घशातून नुसता आवाज यायचा, मग स्वतःवरच चिडायची आणि रडायची. अम्मीला रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मला तर भयंकर राग यायचा. कुणाचा, ते सांगता येत नाही. वरच्याचा म्हणावं तर तौबा करावी लागते.

अम्मीची धाकटी बहीण, माझी खाला, नवरा वारल्यापासून आमच्याच घरी राहते. अम्मीचं खाणंपिणं, अंग पुसणं, कूस बदलणं, सगळं तिनं केलं. अम्मीला लातूरला घेऊन जाते असं मी म्हटलं, तर तिनं डाव्या हातानं खाटेची कड अशी घट्ट धरली की विषयच संपला. मग माझं ठरून गेलं. शनिवारी दुपारी लातूरहून एसटी धरायची, अहमदपूर, लोहा करत नांदेड गाठायचं आणि रविवारी संध्याकाळी परत. आमच्याकडे त्या रस्त्याचं काम कायम चालू असतं, त्यामुळे घरी पोचेपर्यंत अंगाचा भुगा.

खालाची अडचण एकच होती. अम्मीला नेमकं काय पाहिजे ते कळत नव्हतं. पाणी आणलं तर अम्मी मान फिरवायची, पंखा लावला तर डोळे मिटायची, आणि दोघी वैतागायच्या. एका रविवारी माझ्यासमोरच खाला ओरडली, "अगे, बोल ना क्या होना!" आणि मग तोंडावर हात ठेवून बाहेर निघून गेली. परतीच्या एसटीत मी ठरवलं की अम्मीला बोलणारा डबा बनवायचा. हात ओळखायचं काम येतं ना मला? मग आणखी कधी उपयोगी पडायचं ते!

डबा म्हणजे पाटाएवढा चपटा पॅनल. वर अ‍ॅक्रिलिकचा पत्रा, त्यावर आठ चौकोन, प्रत्येकात एक चित्र. चौकोनावर हात ठेवला की डबा ते बोलून दाखवणार. ऐकायला सोपं आहे. करायला बसलं की घाम फुटतो. अम्मीची बोटं काच घासून घासून कोरडी ठक्क झालेली, आणि कोरडं बोट आमच्या पट्टीला नीट जाणवत नाही. शिवाय ती एका बोटानं काही दाबणारी बाईच नव्हती, ती आख्खा तळवा ठेवणार. म्हणून मी पट्ट्या मोठ्या घेतल्या आणि डब्याला जरासा फरकही पुरेल असं ठेवलं. आम्ही त्याला लिमिट म्हणतो. लिमिट खाली आणली की डबा हळवा होतो, हवेनंसुद्धा दचकतो. मोठ्या पट्ट्यांना बॅटरी जास्त लागते. बॅटरी वाचवायची तर डब्याला मधेमधे झोपवावं लागतं, आणि झोपलेल्या डब्याला हात कळत नाही. एक सांभाळावं तर दुसरं सुटतं. खाटेवर घरच्या लाइटची वायर नको, असं खालानं बजावलं होतं, त्यामुळे बॅटरी तर पाहिजेच होती.

आवाज कुणाचा घालायचा, यावर मी फार विचारही केला नाही. अम्मीचाच घालावा असं वाटलं होतं, पण तो कुठं होता? आमच्याकडे लग्नांचे ढीगभर व्हिडिओ. सगळ्यांत अम्मी आहे, तोंड हलतंय, आणि वरून बॅन्ड वाजून राहिला. जन्मभर बोलत असलेल्या बाईचा आवाज साठवून ठेवायचं कुणाच्या मनात येतं? खाला म्हणाली, माझा आवाज फाटका, तुझाच भर. मग वर्कशॉपच्या बाथरूममध्ये दार लावून मी आठ वाक्यं भरली, अम्मी म्हणेल तशी. पानी होना. चाय होना. दरद हो रा. पंखा लगाव. करवट बदलाव. अच्छा लग रा. नक्को. इधर आव. बाहेर आमचे सर, म्हणजे वर्कशॉपचे मालक, हसत होते. आतमध्ये कोणाला बोलावून राहिली, म्हणाले.

डबा पहिल्यांदा अम्मीच्या पुढ्यात ठेवला तो दिवस मी विसरणार नाही. तिनं डावा तळवा 'पाणी'वर ठेवला. डबा माझ्या आवाजात म्हणाला, "पानी होना." अम्मीनं आधी डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हसली. अर्धंच तोंड हसलं. खाला पाणी घेऊन धावली तर अम्मीनं लगेच 'नक्को' दाबलं आणि पुन्हा हसली. लबाड! खाला म्हणाली, "बहेनजी, मजाक कर रैं क्या?" त्या दिवशी घरात किती दिवसांनी चेष्टामस्करी झाली. मी चहासुद्धा तीनदा प्यायले.

पुढं थोड्याच दिवसांत खालाचा फोन. "अगे, तेरा डब्बा अपने आप बोल रा." दुपारभर आतून आवाज येतो, इधर आव, इधर आव. ती भाकरीचं पीठ सोडून धावते, तर अम्मीला काहीच नको असतं. हात पोटावर ठेवून शांत पडलेली असते. खाला स्वयंपाकघरात गेली की पुन्हा तेच. "भूत लग्या क्या उसकू?" आणि बॅटरी! मी पंधरवडाभर पुरेल असा हिशेब केला होता, ती दर शनिवारी मला रिकामी मिळायची.

आमच्या धंद्यात भूत असतंच. कोणी हात न लावता पॅनलला हात लागल्यासारखा वाटतो, त्याला खोटा स्पर्श म्हणतात. ओल्या फडक्यानं होतं, कूलरमुळं होतं, इन्व्हर्टरच्या गडबडीनं होतं. आणि डाळ मिलमध्ये खोटा स्पर्श म्हणजे घात. मशीन बंद आहे म्हणून माणूस आत हात घालून अडकलेली डाळ काढून राहिलाय, आणि पॅनल आपोआप चालू झाला तर? सरांनी मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं की शंका आली तर स्पर्श धरायचा नाही. दहा खरे सुटले तरी चालतील, एक खोटा धरला जाता कामा नये. माणूस काय, पुन्हा दाबेल. हे माझ्या हाडात इतकं मुरलं होतं की मला दुसरं काही सुचलंच नाही.

मी डबा लातूरला आणला. टेबलावर ठेवला, शेजारी कूलर लावला, पत्रा ओल्या फडक्यानं पुसला, आणि डबा खरंच बोलला! सापडला चोर, म्हटलं. मग मी मन लावून काम केलं. पट्ट्या लहान केल्या. लिमिट वर नेली. हात थोडा वेळ स्थिर राहिल्याशिवाय धरायचाच नाही, असं घातलं. कोणी हात लावत नसेल तेव्हा डबा गाढ झोपेल, असं केलं. फडकं फिरवलं, कूलर लावला, आमचं मोठं मशीन चालू केलं, डबा हूं की चूं नाही. सरांना दाखवलं तर म्हणाले, झकास, असाच पॅनल आपण मिललाही देऊ. मला खरंच फार बरं वाटलं होतं.

नांदेडला डबा माझ्याच हातानं तपासून ठेवून आले. खालाचा फोन आला, आता एकदम शांत आहे, शाब्बास. बॅटरी उतरायचं नावच घेईना. मी खूश. फक्त अम्मी कोमेजत चालली होती. तोंड भिंतीकडे करून पडायची. खाताना तोंड उघडायची, तेवढंच. खाला म्हणाली, दुखणं वाढत असेल. डॉक्टर म्हणाले, वयच आहे. मीही मान हलवली.

मग तो रविवार. खाला खाटेला टेकून खाली तुरीच्या शेंगा सोलत बसली होती, अम्मीच्या अगदी हाताशी. मी अंगणात कपडे वाळत घालत होते, दारातून सगळं दिसत होतं. अम्मीनं डावा हात हळूहळू सरकवत डब्यावर नेला आणि 'इधर आव'वर तळवा ठेवला. मला वाटलं, खालाला बोलावत असेल. पण खाला तर तिथंच होती! अम्मीनं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मान कष्टानं कलती केली आणि कान डब्याजवळ नेला. थांबली. काही आलं नाही. हात उचलून पुन्हा ठेवला. पुन्हा कान. मग हात तसाच ठेवून दिला आणि वाट बघत राहिली.

माझ्या हातात ओल्या साडीचा पदर तसाच. तिला पाणी नको होतं, कूस बदलायची नव्हती, कुणी यायलाही नको होतं. तिला डब्यातली मी पाहिजे होते.

खालाला मी बाहेर बोलावून विचारलं. अम्मी आधीही असं करायची का? खाला विचार करून म्हणाली, हौ, कान लावायची खरी, एकदोनदा बघितलं होतं, मला वाटलं डब्यातलं मशीन ऐकून राहिली. म्हणजे भूतबित काही नव्हतं. खाला चुलीपुढं गेली की अम्मी माझा आवाज लावून ऐकत होती, खाला धावत आली की हात पोटावर ठेवून साळसूद पडत होती. गिऱ्हाइकाला गंडवताना जशी करायची तशी! आणि मी कूलरला आणि फडक्याला पकडून आणलं. चोर सोडून संन्याशाला फाशी. तिचे सगळे खरे स्पर्श मी खोटे ठरवले होते.

त्यातून आमच्या इलेक्ट्रोडांची आणखी एक खोड आहे. हात खूप वेळ एका जागी राहिला तर डबा त्या हातालाच नेहमीची स्थिती समजतो आणि तिथं काही नाहीच असं धरून चालतो. अम्मी हात तसाच ठेवून वाट बघत होती तेव्हा डब्याच्या लेखी तिथं कोणी नव्हतं. ते मला अंगणात आठवलं आणि मी कपड्यांच्या आड तोंड घालून रडले. शेजारीण भिंतीवरून विचारते, काय झालं गं? तिला म्हटलं, साबण गेला डोळ्यात.

पण मला खरं झोंबलं ते वेगळंच. मी दर आठवड्याला येत होते की! दोन दिवस तिच्या खाटेशी असायचे. मग तिला माझा आवाज डब्यातून का ऐकावा लागत होता? आठवून बघितलं. आले की खालाला विचारायचे, खाल्लं का हिनं, औषध दिलं का हिला. मग लॅपटॉप काढून डबा तपासायचे. निघताना अम्मीच्या कपाळावर हात ठेवायचे आणि 'येते' म्हणायचे. बस्स. जिच्याकडून उत्तर येत नाही तिच्याशी काय बोलायचं, ते मला कळतच नव्हतं. गप्प बसणं मला जास्त सभ्यपणाचं वाटत होतं. डॉक्टरांनी तर सांगितलं होतं, समजतं सगळं.

त्या रविवारी मी डबा लातूरला नेला आणि पुढच्या शनिवारच्या आत त्यात जुन्या मोठ्या पट्ट्या घातल्या, लिमिट पार खाली आणली आणि झोप काढून टाकली. बॅटरी रोज मेली तरी चालेल, खालाला रोज भरायला शिकवलं. सर म्हणाले, अगं हा डबा तर वाऱ्यानंही बोलेल. म्हटलं, बोलू द्या सर. फार उर्मटपणे म्हणाले असेन.

आणि मी बोलायला लागले. पहिल्यांदा लई अवघड गेलं. घसा साफ करून सुरुवात केली, एसटीत कोण भेटलं, अहमदपूरला चहात नुसतं पाणी होतं, मेसच्या बाईनं पुन्हा कारल्याची भाजी केली. मध्ये थांबायचे, उत्तराची जागा सोडायचे, ती रिकामी राहिली की कान गरम व्हायचे. अम्मी माझ्याकडे डोळे लावून ऐकायची. हळूहळू तिनं त्या रिकाम्या जागा डब्यानं भरायला सुरुवात केली. मी मेसच्या बाईला नावं ठेवली की 'अच्छा लग रा'. मी लग्नाच्या एका स्थळाबद्दल सांगितलं तर ताडकन 'नक्को'. आम्ही दोघी हसलो, खाला बाहेरून ओरडली, क्या हुआ गे? ते आमचे चांगले दिवस होते, आणि थोडेच होते.

उन्हाळ्यात दुसरा झटका आला. या वेळी डावा हातही गेला. मी सुटी टाकून आले तेव्हा अम्मी डोळे मिटून पडली होती, श्वास तेवढा चालू. डबा उशाशी होता. मी तिचा तळवा उचलून त्यावर ठेवला, डबा बोलला, पण तो मीच बोलवला होता, त्यात काय. डॉक्टर म्हणाले, ऐकू येत असेल किंवा नसेल, सांगता येत नाही. खालानं डबा उचलून कपाटावर ठेवला, खाटेवर जागा पाहिजे होती.

मी उशाशी बसून बोलत राहिले. कुठं पोचून राहिलंय का, हे सांगणारं आता काहीच नव्हतं. लातूरच्या उन्हाचं सांगितलं, वर्कशॉपचं सांगितलं, ती रागावेल असं एक जुनं गुपितही सांगून टाकलं. आणि तिला म्हटलं, अम्मी, मी तुझ्याजवळ बसून गप्प राहायचे, मला माफ कर. तेव्हा तिची डावी पापणी हलली. जराशी.

"खाला, बघितलंस?"

खाला जवळ आली, वाकून बघितलं आणि हळूच म्हणाली, "पंखे की हवा है, बेटी." तिचं बरोबर असेल. एवढ्याशा हलण्याला मी माझ्या कुठल्याच पॅनलमध्ये स्पर्श धरलं नसतं. मी उठून पंखा बंद केला. उकाड्यानं जीव जात होता, खालाच्या मानेवरून घामाच्या धारा लागल्या, त्या तिनं पदरानं पुसल्या. मी पुन्हा अम्मीच्या कानाशी वाकले आणि तेच परत म्हटलं. पापणी पुन्हा हलली की नाही, ते मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. ती हलली असं मी धरलं, आणि अम्मी जाईपर्यंत बोलत राहिले.